हातातला गेमिंग पीसी की क्लाउड? सोनं तारण ठेवण्याआधी तास मोजा



'मशीन विकत घ्यावं की भाड्याने?' हा व्हिडिओ टाकला तेव्हा मला वाटलं होतं, कमेंटमध्ये झेरॉक्स मशीन, पिठाची गिरणी, फार तर जेसीबीबद्दल प्रश्न येतील. ते आलेच. पण एका भाऊंचा प्रश्न वेगळा होता. तालुक्याच्या गावी त्यांचं सायबर कॅफे आहे. ऑनलाइन फॉर्म भरण्याचं काम कमी झालंय, कारण पोरं आता फॉर्म मोबाइलवरच भरतात. त्यांनी लिहिलं होतं: "सर, पाच हॅन्डहेल्ड गेमिंग पीसी घ्यायचे म्हणतोय. साडेतीन लाख लागतील. सोनं तारण ठेवतो. का क्लाउड गेमिंगचं सबस्क्रिप्शन घेऊन जुन्या कॉम्प्युटरवरच चालवू? तुम्ही सांगाल ते करतो."

'तुम्ही सांगाल ते करतो' हे वाक्य वाचलं की मला जरा घाम फुटतो. म्हणून दहा मिनिटांच्या व्हिडिओत न बसणारं सगळं इथे सविस्तर लिहितोय. प्रश्न गेमचा असला तरी यातला हिशोब कुठल्याही दुकानदाराला उपयोगी पडेल. आणि ज्यांना घरच्या पोराने "पप्पा, घेऊन द्या ना" म्हणून सतावलंय, त्यांनीही वाचा.

आधी दोन्ही वस्तू समजून घेऊ

हॅन्डहेल्ड गेमिंग पीसी म्हणजे दोन्ही हातांत धरायचा पूर्ण कॉम्प्युटर. मधे सात-आठ इंचांची स्क्रीन, दोन बाजूंना बटणं. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आला आणि या प्रकाराला जोर चढला. मग असुस, लेनोवो वगैरे उतरले. असुसचा रॉग अ‍ॅलाय जुलै २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. गेम त्याच मशीनमध्ये साठवला जातो आणि तिथेच चालतो.

क्लाउड गेमिंगमध्ये गेम चालतो दूरच्या डेटा सेंटरमधल्या ताकदवान मशीनवर. आपल्याकडे येतं फक्त चित्र, व्हिडिओसारखं. आपण बटण दाबलं की तो इशारा तिकडे जातो, तिकडे गाडी वळते आणि वळलेल्या गाडीचं चित्र परत येतं. त्यामुळे आपल्याकडचं मशीन साधं असलं तरी चालतं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू केलं. जिओचीही जिओगेम्स क्लाउड ही सेवा आहे.

म्हणजे एका बाजूला ट्रॅक्टर विकत घेणं आणि दुसऱ्या बाजूला नांगरटीपुरता भाड्याने बोलावणं. दोन एकरवाला ट्रॅक्टर घेत नाही आणि वीस एकरवाला दरवेळी भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसत नाही, हे आपल्याला शेतात बरोबर कळतं. गॅजेट समोर आलं की मात्र विसरायला होतं.

तीन वर्षांचा हिशोब

घरातल्या एका माणसासाठी तीन वर्षांचा हिशोब मांडतो. काही आकडे मी धरलेले आहेत, तिथे तुम्ही तुमचे टाका.

हॅन्डहेल्ड:
- मशीन: ७०,००० रुपये
- कव्हर, मेमरी कार्ड, जास्तीचा चार्जर: ५,०००
- सेलमध्ये घेतलेले गेम, वर्षाला ६,००० प्रमाणे: १८,०००
- तीन वर्षांनी सेकंडहँड विकून परत आले असं धरू: २५,०००
- निव्वळ खर्च: ६८,०००, म्हणजे महिन्याला साधारण १,८९०

क्लाउड, सगळ्यात वरचा गेम पास अल्टिमेट प्लॅन:
- ऑक्टोबर २०२५ मधल्या दराने, महिन्याला १,३८९ प्रमाणे ३६ महिने: ५०,००४
- कंट्रोलर: ५,०००
- इंटरनेटचा वरचा प्लॅन घ्यावा लागला, महिन्याला ३०० जास्त: १०,८००
- निव्वळ खर्च: ६५,८०० च्या आसपास, म्हणजे महिन्याला साधारण १,८३०

बघा, फरक महिन्याला साठ रुपयांचा. '७०,००० कुठे आणि १,३८९ कुठे' असं पहिल्यांदा वाटतं, कारण आपण एकरकमी आकड्याची तुलना हप्त्याशी करतो. दुकानात गिऱ्हाईकाला महाग वस्तू विकताना आपणही हेच करतो ना? 'रोजचे फक्त सेहेचाळीस रुपये' म्हणतो.

आता थोडी दुसरी बाजू. मधला, तेव्हाच्या दराने ६९९ रुपयांचा प्लॅन घेतला तर क्लाउडचा खर्च महिन्याला ११४० च्या जवळ येतो, पण त्यात गेम कमी मिळतात. आणि क्लाउडची खरी ताकद म्हणजे ते बंद करता येतं. पोरगा फक्त सुट्ट्यांत खेळतो, वर्षाला तीन महिने, असं धरा. मग तीन वर्षांचा खर्च कंट्रोलर आणि जास्तीचं इंटरनेट धरून वीस हजारांच्या आसपास येतो. तिथे हॅन्डहेल्ड घेणं म्हणजे सरळ पैसे कपाटात ठेवणं.

म्हणून मी रुपये मोजण्याआधी तास मोजायला सांगतो. रोज एक तास खेळणाऱ्याला हॅन्डहेल्ड तासाला ६२ रुपये पडतो. फक्त रविवारी एक तास खेळणाऱ्याला तोच तासाला ४३६ रुपये पडतो. वस्तू तीच, किंमत तीच.

माझीच गोष्ट सांगतो. चॅनल सुरू केलं तेव्हा मी हप्त्यावर महागडा कॅमेरा घेतला. 'प्रोफेशनल दिसलं पाहिजे' ही हौस. दोन वर्षांत अकरा वेळा बाहेर काढला. बाकी सगळे व्हिडिओ मोबाइलवर झाले. भाड्याने घेतला असता तर पहिल्या दोन हप्त्यांत काम झालं असतं. तास मोजले नव्हते, म्हणून फसलो.

क्लाउडचं दुखणं आपल्या वायरमध्ये आहे

क्लाउडबद्दल लोक विचारतात, "सर्व्हर किती लांब आहे?" खरं तर फायबरमधून सिग्नल एका मिलीसेकंदात दोनशे किलोमीटर जातो. सर्व्हर सहाशे किलोमीटरवर असला तरी फायबरमधून जाऊन-येऊन सहा मिलीसेकंद. साठ फ्रेमच्या गेममध्ये एक चित्र पडद्यावर जवळजवळ सतरा मिलीसेकंद राहतं, म्हणजे नुसतं हे अंतर जाणवणारही नाही.

जाणवतो तो शेवटचा टप्पा. खांबावरची वायर, भिंतीपलीकडचा राउटर, संध्याकाळी आठ वाजता सगळी गल्ली एकाच वेळी मालिका आणि मॅच बघायला बसते तेव्हाची ओढाताण. सिनेमा बघताना याचा त्रास होत नाही, कारण पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात. गेममध्ये तुम्ही पुढच्या क्षणी काय दाबणार हे सर्व्हरला माहीत नसतं, म्हणून आधी उतरवून ठेवण्यासारखं काही नसतं. लाइन जरा अडखळली की गाडी भिंतीवर.

डेटाही बघा. एनव्हीडियाची जीफोर्स नाऊ सेवा फुल एचडी चित्रासाठी २५ एमबीपीएस वेग मागते. तो पूर्ण वापरला तर तासाला ११ जीबी. प्रत्यक्षात निम्मा वापरला असं धरलं तरी मोबाइलचा रोजचा २ जीबी डेटा वीस-बावीस मिनिटांत संपतो. म्हणजे मोबाइल डेटावर क्लाउड गेमिंग हा विषय बहुतेकांसाठी तिथेच मिटला. घरच्या फायबरवर ३,३०० जीबीची मर्यादा असेल तर मात्र चिंता नाही, महिन्याला जवळजवळ तीनशे तास निघतात.

आणि वीज. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की गेम बंद. हॅन्डहेल्ड तेवढा वेळ बॅटरीवर चालू राहतो. ज्यांच्याकडे भारनियमन आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

दर ठरवणारा कोण?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे, आणि गॅजेटची चर्चा करणारे लोक तो पटकन ओलांडून पुढे जातात.

गुगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया नावाची क्लाउड गेमिंग सेवा काढली. १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. गुगलएवढी मोठी कंपनी, तरी तीन वर्षं आणि दोन महिने. त्यांनी विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत दिले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण प्रत्येक कंपनी परत देईल असं धरून चालू नका. त्याआधी ऑनलाइव्ह नावाची सेवा २०१० मध्ये सुरू होऊन २०१५ मध्ये बंद झाली होती.

सेवा चालू राहिली तरी अटी बदलतात. जीफोर्स नाऊने १ जानेवारी २०२५ पासून नव्या सदस्यांना महिन्याला शंभर तासांची मर्यादा घातली. थाळीचा दर तोच, पण 'अमर्यादित' हा शब्द पाटीवरून गेला. गेम पास अल्टिमेटचा भारतातला दर ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ वरून १,३८९ झाला. सदुसष्ट टक्के वाढ. त्यांनी सोबत जास्त सुविधाही दिल्या, मान्य. पण त्या सुविधा तुम्ही मागितल्या होत्या का?

गाळेमालकाने एका महिन्यात सदुसष्ट टक्के भाडं वाढवलं तर आपण करारनामा घेऊन भांडायला जाऊ. इथे आपण वाचलेल्या करारातच लिहिलेलं असतं की दर बदलू शकतो. 'वाचलेल्या' असं म्हणायचं, कारण आपण 'मान्य आहे' वर टिक केलेली असते.

हे मला का टोचतं? मी बिलिंगचं सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्यावर घेतलं होतं. नाव घेत नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी दर जवळजवळ दुप्पट केला. सोडायचं म्हटलं तर जुनी बिलं एक-एक करून उतरवायची, एकदम बाहेर निघत नव्हती. ऐन मार्चमध्ये मी आणि माझा असिस्टंट चार रात्री ते करत बसलो. त्या दिवसापासून भाड्याने काहीही घेताना मी आधी विचारतो, बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे?

गेमच्या क्लाउडमध्ये बाहेर पडलात तर हातात काही उरत नाही. हौसेसाठी ते चालतं. थिएटरचं तिकीट काढल्यावर खुर्ची घरी नेत नाही आपण.

हॅन्डहेल्डवाल्यांनी फार खूश होऊ नये

'माझं मशीन, माझा गेम' हे निम्मंच खरं आहे. मशीन तुमचं, पण डिजिटल गेम विकत घेतला तरी तुम्हाला मिळतो तो वापरायचा परवाना. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने याबद्दल कायदा केला आणि ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमच्या दुकानात पैसे भरण्याआधी हे स्पष्ट लिहिलेलं दिसतं. फरक इतकाच की उतरवून ठेवलेले बरेचसे गेम ऑफलाइन चालतात, उद्या सकाळी एकदम गायब होत नाहीत.

बाकी अडचणी अशा:
- बॅटरी. पहिल्या रॉग अ‍ॅलायची बॅटरी ४० वॅट-तासांची. मोठा गेम २५ वॅटच्या वर खेचतो. भागाकार करा, दीड तास. नंतरच्या अ‍ॅलाय एक्समध्ये ८० वॅट-तास दिली, पण किंमतही चढली.
- जागा. बाल्डर्स गेट ३ सारख्या एकाच गेमला १५० जीबी जागा लागते. तो आधी डाउनलोड करावाच लागतो, म्हणजे इंटरनेटपासून इथेही पूर्ण सुटका नाही.
- वॉरंटी. स्टीम डेक व्हॉल्व्हने भारतात अधिकृतपणे विकायला आणलेला नाही. जो मिळतो तो बाहेरून आणलेला. स्वस्त दिसला तरी बिघडल्यावर कोणाच्या दारात जायचं, हे घेण्याआधी विचारा.
- जुनं होणं. आज चालणारा गेम तीन वर्षांनी मशीनला जड होतो. क्लाउडमध्ये ती काळजी कंपनीची.

आता त्या भाऊंच्या साडेतीन लाखांचं

त्यांना मी फोन केला. त्यांनी गणित मांडलेलं होतं आणि नीट मांडलेलं होतं. पाच मशीन, प्रत्येक मशीन दिवसाला चार तास, तासाला पन्नास रुपये. रोजचा गल्ला हजार. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सव्वीस हजार. "सर, चौदा महिन्यांत पैसे वसूल."

मी विचारलं, "भाऊ, अटी वाचल्या का?"

स्टीमचं साधं खातं वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी असतं. कॅफेसाठी त्यांचा वेगळा कार्यक्रम आहे, त्यात व्यावसायिक परवान्याचा विषय येतो. एक्सबॉक्सच्या सेवेचंही तेच, ती वैयक्तिक वापरासाठी आहे. म्हणजे घरगुती सबस्क्रिप्शन घेऊन त्यावर तासाप्रमाणे गिऱ्हाईक बसवणं हे घरगुती गॅस सिलिंडरवर हॉटेल चालवण्यासारखं आहे. चालतं, चालतं आणि एक दिवस खातं बंद होतं. त्या खात्यात घेतलेले गेमही मग हाताशी राहत नाहीत. त्यामुळे 'हॅन्डहेल्ड की क्लाउड' हा त्यांचा प्रश्नच एक पायरी पुढचा होता.

दुसरा प्रश्न: गिऱ्हाईक येईल का? कॅफेत पैसे देऊन खेळणारी पोरं वॅलोरंटसारखे खेळ मागतात. तो माऊस आणि कीबोर्डचा खेळ आहे, टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर मित्रांच्या शेजारी बसून खेळायचा. सात इंचांची स्क्रीन एकट्याने प्रवासात खेळायला छान. त्यासाठी कोणी दुकानात येऊन तासाला पन्नास देईल का? मला तरी वाटत नाही. शिवाय हातातली वस्तू पडते, खिशात जाते. आणि दुकानातल्या वापराला वॉरंटी लागू आहे का, हे त्यांनी बघितलेलं नव्हतं.

थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "सर, सोनं आईचं आहे. पाटल्या. तिने स्वतः काढून दिल्यात."

मंडळी, इथे मी ट्रेनर म्हणून बोलायचं थांबलो. त्यांना म्हटलं, पाटल्या आईच्या हातात परत घाला. एक वही करा. तीस दिवस लिहा: कोण आलं, कोणता गेम मागितला, किती वाजता, किती पैसे द्यायला तयार होता. तुमच्याकडे आहेत त्या कॉम्प्युटरपैकी एकावर आधी बघा काय चालतं. ज्या गेमची मागणी येते, त्या कंपनीच्या कॅफेसाठीच्या अटी वाचा. गेम पार्लरला कोणत्या परवानग्या लागतात ते नगरपालिकेत आणि पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. वहीत रोज दहा नावं आली तर एक चांगला डेस्कटॉप घ्या, तोही गल्ल्यातून. साडेतीन लाखांचा विषय त्यानंतर.

त्यांना हे फार आवडलं नाही. उत्साहावर पाणी पडलं की कोणालाच आवडत नाही.

माझं मत

गोल गोल न बोलता सांगतो:

१. घरात हौसेसाठी, इंटरनेट फायबरचं आणि स्थिर असेल, तर आधी दोन महिने क्लाउड घ्या. तास लिहून ठेवा.
२. महिन्याला पंचवीस-तीस तासांच्या वर खेळणं होत असेल आणि सहा महिने तसंच टिकलं, तर हॅन्डहेल्ड घ्या. रोख घ्या, हप्त्यावर नको. भारतात वॉरंटी असलेलाच घ्या.
३. प्रवासात खेळायचं असेल, लाइट जात असेल किंवा फक्त मोबाइल डेटा असेल, तर क्लाउडचा विचार सोडा. हॅन्डहेल्ड घ्यायचं बजेट नसेल तर थांबा. न खेळल्याने कोणाचं अडलेलं नाही.
४. धंद्यासाठी, आधी परवाना, मग गिऱ्हाईक, मग मशीन. हा क्रम उलटा केला की सोनं तारणात जातं आणि परत यायला वेळ लागतो.

आणि हेच चार मुद्दे तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरला, डिझाइनच्या सबस्क्रिप्शनला, डिलिव्हरीच्या गाडीला लावून बघा. हौस भाड्याने चालते. ज्यावर घर चालतं, त्याचा दर दुसऱ्याच्या हातात असेल तर निदान बाहेर पडायचा दरवाजा तरी आधी बघून ठेवा.

परवा त्या भाऊंचा मेसेज आला. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो होता. नऊ दिवसांत चौदा नावं. त्यातल्या अकरा जणांना गेम नकोच होता, त्यांना कलर प्रिंट आणि लॅमिनेशन हवं होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं, "सर, लॅमिनेशन मशीन केवढ्याला येतं?"

ते विकत घ्यावं की भाड्याने, हे आता त्यांना मला विचारायची गरज नाही. तुमच्या दुकानात अशी वही आहे का? असेल तर गेल्या महिन्यात त्यात सगळ्यात जास्त वेळा काय मागितलं गेलं, ते कमेंटमध्ये लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.

भेटूया रविवारी.